द्विनियुक्ती : व्यक्ती एक, अधिकार दोन

एकच व्यक्ती राज्य आणि केंद्र अशा दोन्ही औद्योगिक न्यायाधिकरणांची सदस्य असेल, तर त्या व्यवस्थेस 'द्विनियुक्ती' म्हणता येईल. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तिची स्पष्ट तरतूद आहे.

तिची गरज का भासते, हे भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीच्या परिसरावरून समजून घेऊ. जवळच डोंगरी बुजुर्ग ही 'मॉइल'ची मँगनीज खाण आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने खाणींतील विवादांसाठी केंद्रास 'समुचित शासन' ठरवले. तुमसरच्या भातगिरणीतील विवादासाठी मात्र राज्यास. म्हणजे एकाच घरातील दोन भावांना, बडतर्फीसारख्या एकाच प्रश्नासाठी, दोन निरनिराळी दारे ठोठवावी लागत. दार चुकले, तर अधिकारितेच्या अभावी निवाडा रद्द होण्याचा आणि कामगाराची वर्षे वाया जाण्याचा धोका असे.

भारतीय कायद्याने यावर वेगळी वाट काढली. १९८२ च्या दुरुस्तीने केंद्रास आपल्या अखत्यारीतील विवाद राज्याने स्थापलेल्या न्यायाधिकरणाकडेही सोपवण्याची मुभा दिली. द्विनियुक्तीत व्यक्तीस दुसरे पद मिळते. येथे पद एकच राही आणि विवादच तिच्याकडे येई.

दोन्हींमागील तत्त्व मात्र एकच आहे : निवाड्याचे बळ व्यक्तीच्या विद्वत्तेतून नव्हे, तर कायद्याने तिला दिलेल्या अधिकारातून येते. म्हणून 'निवाडा कोणी दिला?' यासोबत 'कोणत्या अधिकाराने दिला?' हेही विचारावे लागते.

स्वाध्याय : 'द्विनियुक्ती' आणि 'विवाद सोपवणे' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.