खिशातल्या नाण्यांवर तपासा छोटा वजनकाटा

फवारणीच्या औषधांची मात्रा आता ग्रॅमवर आली आहे. मक्यावरच्या लष्करी अळीला इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम सांगतात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. एवढ्याशा मात्रेत ग्रॅम-दोन ग्रॅम कमी पडलं तर अळी मरत नाही आणि जास्त झालं तर पैसा वाया. म्हणून बरेच जण हल्ली छोटा डिजिटल काटा ठेवतात. पण तो काटा खरं बोलतोय का, हे बघायचं कसं? घरात वजनं नसतात, नाणी असतात.

टांकसाळीत प्रत्येक नाण्याचं वजन ठरलेलं असतं. २०११ ते २०१८ सालाचं पाच रुपयांचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं, म्हणजे बरोबर एका पंपाची मात्रा! पण साल वाचूनच घ्या. जुनं जाड पांढरं पाचचं नाणं ९ ग्रॅमचं आहे, आणि २०१९ नंतरचं, आकाराने थोडं मोठं, ६.७४ ग्रॅमचं. दहाचं दोनरंगी नाणं ७.७ ग्रॅम, वीसचं बाराकोनी ८.५४. रुपयाच्या नाण्याच्या नादी लागू नका, त्याची वजनं फार बदलली. (इंग्रजांच्या काळात चांदीचा रुपया म्हणजेच एक तोळा, ११.६६ ग्रॅम; तेव्हा नाणं हेच वजन होतं.)

काटा सपाट फरशीवर ठेवा, पंखा बंद करा. नाणी धुऊन पुसून घ्या. एकट्या नाण्यावर भरवसा नको, झिजेने थोडा फरक असतोच. पाचची दहा नाणी एकेक करून ठेवत जा: ६, १२, १८ असं करत ६० च्या आसपास यायला हवं. दहा नाण्यांना ५५ किंवा ६५ दाखवला तर काट्यातच खोट आहे. एकाच नाण्याला कधी ५, कधी ७ दाखवणारा, एकेक ग्रॅमने सरकणारा स्वयंपाकघरातला काटा या कामाचा नाही.

आणखी एक गंमत. पावडर चिमूट-चिमूट टाकली की काही काटे शून्यावरच अडून बसतात. अशा वेळी वाटीत आधी एक स्वच्छ नाणं ठेवून काटा शून्य न करता पावडर टाका, नाण्याचं वजन नंतर वजा करा. ते नाणं मग औषधाच्याच डब्यात राहू द्या, खिशात नको.

काट्यावर कॅल नावाचं बटण असतं, ते नाण्यावर दाबू नका. त्याला १०० किंवा २०० ग्रॅमचं नेमकं वजन लागतं. आणि ही तपासणी घरच्या वापरापुरतीच; माल विकायच्या काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्काच लागतो.