ऐकावं तर एकाचंच

या खोलीत बसून मी बोलतो आहे आणि ते किती घरांत ऐकू जातं आहे, याचा मला पत्ता नाही. कोणीही संच लावावा आणि ऐकावं, हीच तर रेडिओची गंमत. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचं मात्र नेमकं उलटं असतं. मैदानावर पाच जण हातात ट्रान्समीटर घेऊन उभे असले, तरी हवेतल्या विमानातल्या रिसीव्हरनं त्यांतल्या एकाचंच ऐकायचं असतं. आणि तो एकही ऐकू येईनासा झाला तर काय करायचं, हे त्याला जमिनीवर असतानाच सांगून ठेवावं लागतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवणं म्हणतात ते हे, आणि त्यातली ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते.

आधी माझीच एक चूक सांगतो. गोष्ट १९९० च्या दशकातली. तेव्हा प्रत्येक संचात क्रिस्टलची जोडी असायची, एक ट्रान्समीटरमध्ये आणि एक रिसीव्हरमध्ये. नखाएवढी पत्र्याची डबी, तिला दोन पाय, आणि वर चॅनेलचा क्रमांक. अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा होता आणि त्यात ११ ते ६० असे पन्नास चॅनेल. युरोपात ३५ मेगाहर्ट्झ. आमच्याकडे जो तो आपल्या परदेशातल्या नातेवाइकाकडून संच मागवायचा, त्यामुळे मैदानावर सगळीच सरमिसळ. माझा संच होता ४० क्रमांकाचा, म्हणजे ७२.५९० मेगाहर्ट्झचा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचाही नेमका तोच.

यावर उपाय म्हणून मैदानावर एक फळी असायची. तिच्यावर प्रत्येक चॅनेलचा एक लाकडी चिमटा. तो चिमटा घेऊन आपल्या अँटेनाला लावायचा आणि मगच ट्रान्समीटर चालू करायचा. फळीवर चिमटा नसेल तर तो दुसऱ्या कुणाकडे आहे, गप्प बसायचं. त्या रविवारी मी गाडीच्या मागच्या बाजूला बसून एक सर्व्हो दुरुस्त करत होतो. सर्व्हो म्हणजे विमानाचे पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर. ‘हलतोय का’ एवढंच बघायला मी ट्रान्समीटर क्षणभर चालू केला. अँटेना मिटलेली होती, मला वाटलं काय होणार! पण त्यांचं विमान उतरण्यासाठी वळलं होतं आणि नेमकं माझ्या डोक्यावर आलं होतं. ते त्यांच्यापेक्षा मला जवळ होतं. पंख एकदम उभा झाला आणि सहा महिने खपून केलेलं बाल्साचं विमान शेजारच्या ज्वारीत गेलं. त्यांनी तुकडे गोळा केले, माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, ‘आधी चिमटा, मग स्विच.’ ते रागावले असते तर बरं झालं असतं.

क्रिस्टलची जोडी जमवण्यातही खाचाखोचा होत्या. क्रमांक एक असला तरी ट्रान्समीटरचं क्रिस्टल रिसीव्हरमध्ये चालत नसे. साध्या रिसीव्हरमधलं क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झनं बाजूला सरकवलेलं असायचं, कारण आलेली लहर आधी त्या ठरावीक खालच्या पातळीवर आणून मग तिच्यातून संदेश काढला जाई. तुमच्या घरातल्या जुन्या मिडियम वेव्हच्या संचातही बहुधा हाच ४५५ चा आकडा सापडेल. शिवाय फुताबाची लहर एका दिशेला सरके आणि जेआरची उलट दिशेला, त्यामुळे चॅनेल जुळूनही सर्व्हो नुसते थरथरत. नवखा माणूस मग सर्व्हो बदलत बसे.

२००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले आणि चिमट्यांची फळी हळूहळू अडगळीत गेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्याकडे निघालेल्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय वापरायला मुभा दिली. घरातलं वायफाय याच पट्ट्यात चालतं. मग इतक्या गर्दीत विमान सुरक्षित कसं? एक तर बहुतेक संच एकाच चॅनेलवर थांबत नाहीत, सेकंदात कितीतरी वेळा या चॅनेलवरून त्या चॅनेलवर उड्या मारतात. ही कल्पना जुनी आहे. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीर चालवण्यासाठी अशा उड्यांचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं होतं, आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ जागा कल्पिल्या होत्या. दुसरं म्हणजे प्रत्येक ट्रान्समीटरला कारखान्यातच स्वतःचा एक क्रमांक मिळतो. तो प्रत्येक संदेशाबरोबर जातो. रिसीव्हर आपल्या धन्याचा क्रमांक दिसला तरच संदेश घेतो, एरवी सोडून देतो. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण इथं चालत नाही, जनाचं ऐकायचंच नाही.

हा क्रमांक रिसीव्हरला एकदा शिकवावा लागतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. बऱ्याच संचांत रिसीव्हरच्या एका खाचेत बाइंड प्लग नावाचा छोटा तुकडा घालायचा, बॅटरी जोडायची, की दिवा भराभर लुकलुकतो. मग बाइंडचं बटण दाबून धरून ट्रान्समीटर चालू करायचा. दिवा स्थिर झाला की ओळख पटली. प्लग काढून ठेवायचा, नाहीतर पुढच्या वेळी रिसीव्हर पुन्हा नव्या धन्याच्या शोधात बसतो. काही संचांत प्लगऐवजी रिसीव्हरवरच बटण असतं. हे सगळं करताना मोटरवरचा पंखा काढलेला हवा. मोटर कधी अचानक फिरेल याचा नेम नसतो आणि बोटं पुन्हा येत नाहीत.

दिवा स्थिर होतच नसेल तर पहिली शंका भाषेची घ्यावी. पट्टा एक असला तरी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. फुताबाचा ट्रान्समीटर आणि स्पेक्ट्रमचा रिसीव्हर एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच घरातही पिढ्यांचं पटत नाही: फ्लायस्कायच्या जुन्या एएफएचडीएसचा रिसीव्हर नव्या २एला दाद देत नाही. दुकानात ‘दोन्ही २.४ आहेत, चालेल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, डब्यावरचं पद्धतीचं नाव वाचा. अनेक बोली जाणणारी मल्टिप्रोटोकॉल मोड्यूलंही मिळतात, ज्यांच्याकडे जुने रिसीव्हर साठले आहेत त्यांनी तीच घ्यावीत.

अलीकडे तरुण मंडळी एक्स्प्रेसएलआरएस वापरतात. त्यात बटण दाबण्याऐवजी दोन्हीकडे एकच परवलीचं वाक्य घालता येतं. सोय उत्तम, पण दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरच्या मुख्य आवृत्त्या सारख्या हव्यात. आणि एका कार्यशाळेत मी पाहिलं, की मुलांनी फळ्यावर लिहिलेलं उदाहरणाचं वाक्यच सगळ्या संचांत घातलं होतं. झालं, चिमट्यांची फळी परत आणायची वेळ! वाक्य एक, म्हणजे ओळख एक, म्हणजे एकाचं विमान दुसऱ्याच्या ट्रान्समीटरचंही ऐकणार.

अँटेनाबद्दल थोडक्यात. जुनी तार मीटरभर असायची. आताचा कामाचा भाग जेमतेम तीन सेंटिमीटर असतो, तो कापू नये, दुमडू नये आणि कार्बन फायबरजवळ ठेवू नये. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात लावाव्यात. नंतर ट्रान्समीटर रेंज-चेकच्या कमी शक्तीवर ठेवून सुमारे तीस पावलं दूर जायचं आणि सगळे पृष्ठभाग हलतात का ते बघायचं. स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचं एलेरॉन वर गेलं पाहिजे. ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्या विमानाची नोंद निवडलेली राहिली तर हेच उलटं होतं, आणि ते कळेपर्यंत विमान हातातून सुटलेलं असतं.

आता संपर्क तुटला तर काय? याची तजवीज म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात, काही ठरवून दिलेल्या जागी जातात. ही जागा अनेक संचांत बाइंडिंगच्या क्षणी ठरते, म्हणजे त्या क्षणी स्टिक जिथं असेल तीच नोंदली जाते. मला इथंच भीती वाटते, कारण दिवा स्थिर झाला की माणूस खूश होतो आणि स्टिक कुठं होती ते विसरतो.

त्याच कार्यशाळेत एका विद्यार्थ्यानं थर्मोकोलचं छान विमान आणलं होतं. बाइंडिंग झालेलं, पृष्ठभाग बरोबर हलत होते, तीस पावलांची परीक्षाही झाली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लहान मुलांचं क्रिकेट चाललं होतं. मी त्याला पंखा काढायला लावला, विमान धरायला सांगितलं आणि मोटर थोडी फिरत असताना त्याचा ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबली नाही. उलट तिचा वेग वाढला आणि अर्ध्या जोरावर जाऊन ती तशीच फिरत राहिली. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या क्रिकेटकडे पाहिलं. बाइंडिंग करताना थ्रॉटलची स्टिक अर्ध्यावर राहिली होती, त्याला आठवलं.

आम्ही सावलीत बसलो. स्टिक पार खाली ओढून बाइंडिंग पुन्हा केलं आणि ट्रान्समीटर बंद करून बघितला. मोटर गप्प झाली. त्यानं स्वतःहून आणखी दोनदा करून पाहिलं, आणि पंखा त्यानंतर बसवला.