हरवलेल्या जनुकांचा माग

डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, आपल्यापैकी बहुतेकांना एक बारीक गोल व्रण असतो. बीसीजी या क्षयावरच्या लशीचा. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी लील गावात १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. एका फोडीवरून दुसरीवर, २३० वेळा. जंतू निवला. पण निवला कशाने, हे पुढं पाऊण शतक कोडंच राहिलं.

ते कोडं सोडवणाऱ्यांत स्ट्युअर्ट कोल यांचा वाटा मोठा आहे. मूळचे वेल्सचे, १९८३ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. पुढं लोझानला गेले, २०१८ मध्ये पाश्चरचे महासंचालक म्हणून परतले. पदांपेक्षा मला ओढ वाटते ती त्यांच्या शोधांमधून जाणाऱ्या एका धाग्याची. जंतूकडे काय आहे हे सगळेच शोधत असतात. कोल यांच्या हाती पुन्हा पुन्हा लागलं ते जंतूने काय गमावलं आहे हे.

आयसोनायझिड हे क्षयाचं जुनं, स्वस्त औषध. पोटात जाताना ते बोथट असतं; जंतूच्याच अंगातलं एक विकर त्याला धार लावतं आणि मग ते जंतूच्या जिवावर उठतं. कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की औषधाला दाद न देणाऱ्या काही जंतूंमध्ये त्या विकराचं जनुकच नाहीसं झालेलं आहे. घरातली सहाणच फेकून दिली तर सुरीला धार येणार कुठून?

१९९८ मध्ये इंग्लंडच्या सँगर सेंटरसोबत त्यांनी क्षयाच्या जंतूचा सबंध जनुकसंच वाचून काढला : ४४ लाख अक्षरं, सुमारे ४,००० जनुकं. बीसीजीतून एक ठरावीक तुकडा गळाला आहे, हे अमेरिकेतल्या एका गटाने आधीच हेरलं होतं. कोल यांच्या गटाने २००२ मध्ये तो तुकडा बीसीजीत परत बसवला आणि निवलेल्या जंतूची धग काही अंशी परतली. याच तुकड्यातली प्रथिनं वापरून आता त्वचेवरची चाचणी होते. ती बीसीजीला भुलत नाही, खऱ्या संसर्गालाच उमटते. तिची भारतातली आवृत्ती, सीवाय-टीबी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते कुष्ठाचं काम. हान्सेन यांनी कुष्ठाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला. तो आजतागायत काचेच्या बशीत कुणालाही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. शेवटी तो वाढवला गेला थंड अंगाच्या, कवचधारी आर्माडिलोत. ज्या जंतूची जनुकीय संहिता कोल यांच्या गटाने २००१ मध्ये छापली, तो मुळात तमिळनाडूतल्या एका रुग्णाच्या अंगातला. म्हणून त्या वाणाचं नावही टीएन. संहितेत दिसलं ते एखाद्या ओसाड वाड्यासारखं होतं. चालती जनुकं सुमारे १,६००, आणि मोडून पडलेली १,१०० हून अधिक. अन्न शिजवण्याच्या, श्वास घेण्याच्या कित्येक वाटा ढासळलेल्या. आपल्या पेशींच्या आसऱ्याबाहेर हा जंतू धड उभाही राहू शकत नाही.

आणि याच जंतूच्या रोगाला आपण 'महारोग' म्हटलं! त्याच्या धास्तीने माणसं गावकुसाबाहेर घातली, लेकरं आईपासून तोडली. वर्ध्याजवळचं दत्तपूर किंवा बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहती उभ्या राहाव्या लागल्या त्या रोगापेक्षा या भयामुळे. बहुसंख्य माणसांना हा जंतू बाधतच नाही, आणि १९८२ पासून बहुऔषधोपचाराने रोग बरा होतो. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, त्याने लक्ष ढिलं पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जंतू आपण समजतो त्याहून चिवट आहे. ब्रिटनमधल्या माणसांतून कुष्ठ शतकांपूर्वी गेलं, पण २०१६ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांना तो तिथल्या तांबड्या खारींमध्ये सापडला, मध्ययुगीन सांगाड्यातल्या वाणाशी नातं सांगणारा.

कुष्ठाचं औषध लागू पडत नाही अशी शंका आली, की पूर्वी रुग्णाचे जंतू उंदराच्या तळपायात टोचून कित्येक महिने थांबावं लागे. संहिता हाती आल्यावर कुठल्या जनुकांत बदल शोधायचा ते कळलं. आता त्वचेचा एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, की काही दिवसांत उत्तर येतं.