नववधूची पेटी

काशीच्या संकठा घाटाशेजारचा सिंधिया घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविला. महाराष्ट्रातील खाऊनपिऊन सुखी घरातल्या सुनेचे काशीशी नाते मात्र तिच्या पेटीत शोधावे लागते : एक बनारसी शालू, आणि गौरीहरापाशी पुजून माहेराहून आणलेली पितळी अन्नपूर्णा. दिवस जात्याचुलीपाशी सरे. करमणूक मंगळागौरीच्या जागरणाची. ओव्या वाचताना आपण तिचे दागिने मोजतो. ते कोणाचे, हे विचारीत नाही. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारात किंवा बंदिवासात पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे, असे याज्ञवल्क्यस्मृतीही म्हणत नाही. अन्नपूर्णा तेवढी गहाण पडत नसे. त्या देवीची काशी डोळ्यांनी पाहणे, घडलेच तर, केस पिकल्यावर घडे.