नेत्रतज्ज्ञांच्या परीक्षेचे भाकीत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांपैकी कोण अंतिम परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल आणि कोणाला अडचण येईल, हे आधीच ओळखता यावे, ही अपेक्षा रास्त आहे. कारण अडचण वेळेत लक्षात आली, तर ती दूर करण्यासाठी वर्ष-दीड वर्ष हाती असते. या प्रश्नाचा बराचसा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. त्या देशात वैद्यकातील विशेषशाखांच्या तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणारे पहिले मंडळ नेत्रवैद्यकाचेच होते. १९१६ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ पुढे अमेरिकन बोर्ड ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नावाने ओळखले जाऊ लागले. निवासकाळ संपल्यावर त्याची बहुपर्यायी प्रश्नांची लेखी परीक्षा आणि तीत यश मिळाल्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्याआधी, प्रशिक्षण चालू असतानाच, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी दरवर्षी निवासी डॉक्टरांची एक ज्ञानचाचणी घेते, जिला संक्षेपाने ‘ओकॅप’ म्हणतात. एकाच डॉक्टरचे वैद्यकीय महाविद्यालयातील गुण, ओकॅपचे गुण आणि मंडळाचा निकाल अशी मालिका हाती असल्यामुळे एकावरून दुसऱ्याचे अनुमान करण्याचा प्रयत्न तेथे वारंवार झाला, आणि त्या प्रयत्नांभोवती काही गैरसमजही रुजले.

त्यांतला सर्वांत प्राथमिक गैरसमज आकड्याच्या अर्थाविषयीचा आहे. ओकॅपचा निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शततमकात, सांगितला जातो, आणि ३० शततमक ऐकताच १०० पैकी ३० गुण मिळाले, विद्यार्थी नापास झाला, असे समजले जाते. वास्तविक शततमक हे गुण नसून रांगेतले स्थान असते. प्रशिक्षणाच्या त्याच वर्षात असलेल्या डॉक्टरांपैकी सुमारे ३० टक्के त्या व्यक्तीच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ होतो. सगळ्यांनीच उत्तम तयारी केली तरी कोणीतरी रांगेत शेवटी राहणारच, म्हणून खालचे शततमक हे अज्ञानाचे प्रमाणपत्र ठरत नाही. मंडळाच्या परीक्षेत मात्र उत्तीर्णतेची रेषा ठरवलेली असते आणि ती ओलांडणे हाच प्रश्न असतो. रांगेतील स्थान आणि रेषा ही दोन निरनिराळी मापे आहेत, हे विसरले की पुढचे सगळे भाकीत बिघडते.

‘ज्याचे आधीचे गुण चांगले, तो पुढेही यशस्वी होणार’ ही समजूत पूर्णपणे चुकीची नाही, पण तिचा आवाका फार फुगवला जातो. अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण, ओकॅपचे गुण आणि मंडळाच्या लेखी परीक्षेतील यश यांच्यात धन सहसंबंध, म्हणजे एक वाढले की दुसरेही वाढण्याचा कल, आढळला आहे. सहसंबंधाचा गुणांक ० ते १ या पट्टीवर मोजतात (कल उलटा असेल तर तो उणे येतो), आणि त्याचा वर्ग केला की एका परीक्षेतील किती फरक दुसरीवरून समजावता येतो ते कळते. उदाहरणादाखल गुणांक ०.६ धरला, तर त्याचा वर्ग ०.३६ होतो, म्हणजे बऱ्यापैकी बळकट वाटणाऱ्या या नात्यातही जवळजवळ दोन तृतीयांश फरक त्या आधीच्या परीक्षेच्या आवाक्याबाहेर राहतो. त्यातच नेत्रवैद्यकात प्रवेश मिळवणारे विद्यार्थी मुळातच वेचून घेतलेले असतात. हापूसच्या पेटीत एकसारख्या वजनाची फळे निवडून भरली, की वजनावरून गोडी ओळखणे अवघड होते, तसेच येथे घडते. निवड जितकी कडक, तितकी आतल्या लोकांमधील गुणांची तफावत कमी आणि त्या तफावतीवरून काही सांगण्याची शक्तीही कमी. शिवाय २६ जानेवारी २०२२ पासून त्या पहिल्या टप्प्याचे गुण कळवणेच बंद झाले असून केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगितले जाते, त्यामुळे जुन्या अभ्यासांतील हे हत्यार आता वापरताच येत नाही.

‘चाचणीने धोका दाखवला, म्हणजे तो डॉक्टर नापास होणार’ हा गैरसमज सर्वांत घातक मानावा लागेल, कारण त्याची किंमत माणसाला मोजावी लागते. समजा, २०० निवासी डॉक्टरांपैकी २० जण अंतिम परीक्षेत खरोखर अपयशी ठरणार आहेत, आणि एखादी इशारा-चाचणी त्यांतील १६ जणांना अचूक हेरते, पण उरलेल्या १८० पैकी ३६ जणांनाही चुकून धोक्याच्या यादीत टाकते. ही चाचणी वाईट नाही. तरीही तिच्या यादीतील ५२ नावांपैकी ३६ जण पुढे उत्तीर्णच होणार आहेत. अपयश मुळात विरळ असले, की इशाऱ्यांपैकी बहुतेक खोटे निघतात. हे गणित नेत्रवैद्यांना तरी परके नसावे, कारण काचबिंदूच्या बाबतीत ते रोज त्यांच्यासमोर येते. डोळ्यातील दाब वाढलेला, पण दृष्टिचेतेला इजा न झालेल्या १६०० हून अधिक व्यक्तींचा जो मोठा अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उपचार न घेतलेल्यांपैकी ५ वर्षांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला आणि दाब कमी करणारे थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. म्हणजे धोका खरा होता, उपचाराने तो निम्म्याहून कमी झाला, आणि तरीही उपचाराविना राहिलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्या काळात काचबिंदू झाला नाही. वाढलेल्या दाबाच्या रुग्णाला कोणताही जाणता डॉक्टर ‘तुम्ही आंधळे होणार’ असे सांगत नाही. कमी गुणांच्या विद्यार्थ्यालाही तेवढाच न्याय मिळायला हवा.

‘आपली तयारी किती झाली, हे ज्याचे त्याला कळते’ या समजुतीला फारसा आधार नाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांपेक्षा पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर मागे पडले. आणि तरीही आपल्या लक्षात राहील हा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

लेखी गुणांवरून हाताचे कौशल्य ओळखता येते, हीदेखील तपासून पाहण्यासारखी गोष्ट आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाभोवतीच्या पारदर्शक वेष्टनाचा पुढचा पापुद्रा चिमट्याने फाडत सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचे गोल तोंड करावे लागते. फाट कडेकडे पळू लागली, तर ती वळवून आत आणण्यासाठी क्षणभरच मिळतो, आणि मागचा पापुद्रा तर मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका जाड असतो. हे सारे वर्णन अचूक लिहिणारा डॉक्टर ते करू शकेलच असे नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशा चार पायऱ्या आहेत. बहुपर्यायी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र निरीक्षण करून नवशिक्यापासून सक्षमापर्यंत श्रेणी देणारे तक्ते वापरले जातात.

अमेरिकेतील निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्राला लावणेही योग्य नाही. येथे प्रवेश नीट-पीजीच्या बहुपर्यायी प्रश्नांवर मिळतो, जेथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. पण तीन वर्षांनंतर एमएसची अंतिम परीक्षा देताना चार दीर्घोत्तरी प्रश्नपत्रिका लिहाव्या लागतात आणि रुग्ण तपासून परीक्षकांपुढे निदान मांडावे लागते. दोन्ही टोकांना सारख्याच प्रकारची परीक्षा असेल तर पहिलीवरून दुसरीचा काही अंदाज बांधता येतो. येथे मुळात प्रकारच बदलतो.

इशारा मिळालेल्यांसाठी खास वर्ग घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले, तर ते श्रेय वर्गांचेच, असे संस्था सहज धरून चालतात. परंतु अतिशय कमी गुणांमध्ये खऱ्या उणिवेबरोबर त्या दिवसाचे दुर्दैवही मिसळलेले असते, आणि ते पुढच्या वेळी तसेच राहत नसल्यामुळे काहीही न करता गुण सरासरीकडे थोडे परततात. वर्गांचा खरा परिणाम जाणण्यासाठी तशाच गुणांच्या, पण वर्गांना न बसलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना करावी लागते. वर्ग निरुपयोगी असतात असा याचा अर्थ नाही. मात्र कोणाला नेमके काय शिकवायचे, हे एकूण गुणांच्या आकड्यात लिहिलेले नसते. प्रकाशशास्त्रातील एक साधा प्रश्न पाहावा: +४ डायॉप्टरचे भिंग मध्यापासून ५ मिलिमीटर सरकले, तर किती प्रिझमचा परिणाम होईल? सरकलेले अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन भिंगाच्या शक्तीने गुणायचे, म्हणजे ०.५ गुणिले ४, उत्तर २ प्रिझम डायॉप्टर. एक विद्यार्थी सूत्र जाणतो, पण मिलिमीटरच गुणून २० लिहितो; दुसऱ्याने घाईत प्रश्न नीट वाचलेला नसतो; तिसऱ्याला भिंग सरकल्याने प्रतिमा का हलावी, हेच उमगलेले नसते. तिघांचा गुण सारखाच, शून्य. पहिल्याला एकके लिहून गणित सोडवण्याची सवय लावावी लागेल, दुसऱ्याला वेळ लावून सराव द्यावा लागेल, आणि तिसऱ्याला लेन्समीटरपाशी बसवून, भिंग हळूहळू बाजूला सरकवत, आतली खूण मध्यापासून ढळताना त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावी लागेल.