मोटारीतील मुक्काम

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध कुंभकोणम् वसले आहे. सभोवार भातखाचरे आणि कालवे. मोटारीतच बिऱ्हाड थाटून हिंडणाऱ्या प्रवाशाची कसोटी येथे सडक सोडताच लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील मुख्य पावसाळा. त्या दिवसांत गाळाच्या मातीत चाक रुतते. ते उचलण्यासाठी जॅक लावावा, तर तोच जमिनीत शिरतो. अशा वेळी महागड्या उपकरणांहून जॅकखाली घालावयाची जाड फळी आणि फावडे यांचे मोल अधिक. टायरातील हवा थोडी कमी केल्यास त्याचा जमिनीवरील टेका रुंदावतो व चाक सुटावयास मदत होते. मात्र सडकेवर येताच हवा भरावयास पंप जवळ हवा. रात्रीची अडचण निराळी. काचा लावाव्यात तर जीव गुदमरतो, उघडाव्यात तर डास. म्हणून खिडकीला नेमकी बसणारी जाळी प्रत्येकास हवीशी वाटते.

परंतु आजारपणातील शुश्रूषा कोणत्या पेटीत भरून न्यावी? तंजावरच्या भोसले राजांनी हे ओळखून रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. तेथे वाटसरूस अन्न मिळे, आजाऱ्यास वैद्याचे उपचार मिळत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजी राजांनी रेसिडेंटास पत्र लिहून या छत्रांसाठी रदबदली केली.

फळी, फावडे आणि जाळी प्रवाशाने अवश्य बाळगावी. उरलेला भार मात्र वाटेवरच्या गावांनीच उचलावयाचा असतो.