चाक जमिनीवर राहावे म्हणून

मांजरसुंबा हे बीड जिल्ह्यातले मोठ्या रहदारीचे नाके. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग 52 येथून जातो आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता त्याला येथेच मिळतो. बालाघाटाचा घाटही लागूनच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा या भागातल्या रस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माणसे, भांडीकुंडी, सरपण आणि कोयते घेऊन धावतात. वाहनांचे हादरे शमवण्याच्या शोधांचा विचार मोटारींच्या चकचकीत दालनात नव्हे, अशा नाक्यावर व्हायला हवा. हादरा कमी झाला म्हणजे बसणाऱ्याला आराम मिळाला, एवढाच अर्थ आपण घेतो. वास्तविक ही यंत्रणा आधी वाहन ताब्यात ठेवण्यासाठी आहे, आराम हा तिचा दुसरा लाभ.

कारण साधे आहे. गाडी थांबवणे, वळवणे, वेग देणे ही तिन्ही कामे शेवटी टायर आणि रस्ता यांच्यामधल्या घर्षणानेच होतात, आणि मोटारीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून चाक उसळत असेल, भार क्षणात दुप्पट आणि क्षणात शून्य होत असेल, तर दाबाच्या क्षणी मिळालेली जादा पकड उसळीच्या क्षणी गेलेली पकड भरून काढत नाही. सरासरीत गाडी तोट्यातच राहते. त्यात आणखी एक अडचण आहे. वळताना लागणारा बाजूचा जोर टायरमध्ये एकदम येत नाही. चाक थोडे अंतर घरंगळल्यावर तो तयार होतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. चाक सेकंदाला 12 वेळा थरथरत असेल, तर दर 1.4 मीटरला एक उसळी पडते. जोर पुरता तयार होण्याआधीच टायर पुन्हा हलका होतो. घाटातल्या वळणावर, खडबडीत डांबरावर गाडी बाहेर सरकते त्यामागे चालकाच्या चुकीबरोबर झिजलेला शॉकअपही असू शकतो, आणि पंचनाम्यात त्याची नोंद सहसा होत नाही.

जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि लोखंडी धावेचा खडखडाट मागे पडू लागला. पण हवा ही स्प्रिंग आहे. दाबलेली ऊर्जा ती परत करते, पुरेशी शोषत नाही. ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगचेही तसेच. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून थोडे शमन होते, पण ते गंज, माती आणि वंगणाप्रमाणे बदलत राहते. भरवशाचे शमन आले ते तेलाने. शॉकअपमधला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हादऱ्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सतत उसळीने तेलात फेस होऊन शॉकअप निकामी व्हायचा. त्यावर फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ बूर्सिये द कार्बाँ यांनी दाबाखालच्या वायूची तोड काढली. मला या इतिहासातला सर्वांत बोलका नमुना वाटतो तो 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन टू-सीव्ही या गाडीचा. ती फ्रेंच शेतकऱ्यांसाठी होती. नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली न फुटता नेता यावी, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. तिच्या चाकांजवळ बंद नळकांडे असे आणि त्यात स्प्रिंगवर तोललेले वजन. चाक उसळू लागले की ते वजन उलट दिशेने हलून उसळी मोडत असे. स्वस्तातल्या स्वस्त, खेड्यासाठी केलेल्या गाडीला निर्मात्यांनी ही सोय दिली. त्यामुळे शमन ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेप टिकत नाही.

पुढचा टप्पा टायरकडूनच बातमी घेण्याचा. बॉश कंपनीची एबीएस यंत्रणा 1978 मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत आली. चाकाचा वेग मोजून, ते अडकण्याच्या बेतात आले की ब्रेक क्षणभर सैल करायचा, हे तिचे तत्त्व. 1995 मध्ये त्यावरच गाडी घसरू न देणारी यंत्रणा उभी राहिली. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडीचे तोंड वळवते. हवा कमी झालेले चाक किंचित जास्त वेगाने फिरते, हे ओळखून त्याच सेन्सरांवरून टायरमधल्या हवेचाही अंदाज घेता येतो. डीन कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये क्षणाक्षणाला कडक-मऊ होणाऱ्या शॉकअपची पद्धत मांडली. 2002 मध्ये चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे शॉकअप अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत आले. पण ही सारी हुशारी टायर रस्त्यावर टेकलेला असेल तरच चालते. चाक हवेत असेल तर संगणकाला आवरायला काही उरत नाही, आणि उसळत्या चाकावरून मिळणारी वेगाची माहितीही फसवी ठरते.

कोणी म्हणेल, आधी रस्ते नीट करा, गाड्यांचे मग पाहू. मागणी रास्त आहे, पण क्रम चुकतो. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या एएएसएचओ या रस्ते-चाचणीतून निष्कर्ष निघाला, की आसाचा भार वाढला तर रस्त्याची हानी भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर हानी सुमारे 16 पट. उसळणारे जड चाक दर उसळीला हाच मार देते. शमन नसलेला ट्रक खड्ड्यातून जातो तेव्हा पुढचा खड्डाही तोच पाडत असतो. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात आणि लाटांसारखे होतात, तिथे हे चक्र लवकर सुरू होते. युरोपात 1992 मध्ये रस्त्याला कमी इजा करणाऱ्या सस्पेन्शनच्या ट्रकांना भारमर्यादेत सवलत देण्यात आली, ती याच हिशेबाने.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि ट्रॉलीच्या बाबतीत तो गंभीर आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला सहसा स्प्रिंग नसते. टायर हीच त्याची स्प्रिंग. मागच्या ट्रॉलीला असले तर पाटे असतात, तेलाचे शॉकअप जवळजवळ नसतातच, आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. दोन ट्रॉल्या जोडल्या की उतारावर मागचे वजन पुढच्याला ढकलते. येथे चुंबकी द्रवाची गरज नाही. पुण्यात 1966 पासून एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था आहे, चाकणच्या परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा मोठा उद्योग आहे, म्हणजे ज्ञान आणि कारागिरी दारातच आहे. आसाला साधे शॉकअप, ट्रॉलीला चालता ब्रेक, हवेचा दाब मोजण्याचे मीटर आणि गुळगुळीत किंवा उकललेले रिमोल्ड टायर बदलणे एवढे झाले, तरी पुष्कळ फरक पडेल. हा खर्च उचल घेऊन कामाला निघालेल्या मजुराच्या माथी मारता कामा नये. ऊस वाहतुकीचा करार करणाऱ्या साखर कारखान्यांनी गळीत सुरू होण्याआधी वाहनांचे टायर, पाटे, शॉकअप आणि ब्रेक तपासावेत, आणि या तपासणीत न उतरलेल्या वाहनाला माणसे नेण्याचे काम देऊ नये.